‘समुद्र स्वतःच साफ होतो’ या मेसेजला एकेक करून उत्तर

मे २०२५ मध्ये कोचीच्या समोर एमएससी एल्सा ३ हे मालवाहू जहाज ६४० कंटेनरसकट बुडालं, टाक्यांमध्ये डिझेल आणि फर्नेस ऑइल, काही कंटेनरमध्ये कॅल्शियम कार्बाइड, आणि पुढे कित्येक दिवस केरळच्या वाळूत प्लास्टिकचे बारीक दाणे येत राहिले. केरळ सरकारने हायकोर्टात ९,५३१ कोटींचा दावा लावला आणि तेव्हापासून एक लांबलचक मेसेज फिरतोय, मला तो शाळेच्या ग्रुपवर आला, भावकीच्या ग्रुपवर आला, आणि शेवटी सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी टाकला तेव्हा ठरवलं की आता बसून लिहायचंच.

मेसेजचा सारांश असा. तेल ही नैसर्गिक गोष्ट आहे, समुद्रातले बॅक्टेरिया ते खाऊन टाकतात, दोन वर्षांत मागमूस राहत नाही. अलास्कात एवढं तेल सांडलं, आज तिथे टुरिस्ट फिरतात. फारच वाटलं तर किनारा पाण्याने धुवा, चार खारफुटीची रोपं लावा, झालं. किनारा पुन्हा उभा करण्याच्या नावाखाली कंपन्यांकडून जे हजारो कोटी घेतात ते वकिलांच्या घशात जातात. आणि मुंबईत २०१० ला चित्रा जहाजाचं तेल सांडलं तेव्हा तरी काय झालं, आजही आपण बोंबील खातोच ना.

मी उरणच्या बाजूची. त्यामुळे शेवटच्या मुद्द्यावर मला जास्त बोलायचंय, पण आधी पहिल्यापासून जाऊ.

तेल नैसर्गिक आहे, बॅक्टेरिया खातात

यातलं अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते लोकांना पटतं. समुद्राच्या तळातून तेल झिरपतं हे खरं, मेक्सिकोच्या आखातात तर माणूस तिथे येण्याच्या आधीपासून झिरपतंय. तेल खाणारे बॅक्टेरियाही आहेत, अल्कॅनिव्होरॅक्स नावाचा एक तर जवळजवळ तेवढ्यावरच जगतो, आणि २०१० ला त्याच आखातात डीपवॉटर होरायझनची तेलविहीर फुटली तेव्हा खोल पाण्यात अशा बॅक्टेरियांची संख्या प्रचंड वाढली आणि त्यांनी बरंच तेल फस्त केलं हेही खरं. पण झिरपणं म्हणजे थेंब थेंब, अफाट पसरलेल्या तळावर, वर्षानुवर्षं. सांडणं म्हणजे तेच तेल एका खाडीत, एका भरतीला. देवापुढे रोज निरांजन लावतो म्हणून घरात रॉकेलचा डबा पेटवला तर चालेल का?

आणि बॅक्टेरियांना नुसतं तेल पुरत नाही, त्यांना ऑक्सिजन लागतो, नायट्रोजन लागतो, फॉस्फरस लागतो. उघड्या पाण्यात, लाटांमध्ये ते मिळतं. पण खाडीचा चिखल कधी हाताने उकरून बघितलाय का, वरचा करडा थर बोटभर बाजूला केला की खाली काळाकुट्ट लागतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो वासच सांगतो की इथे ऑक्सिजन नाही. त्या काळ्या थरात एकदा तेल उतरलं की ते बरणीत झाकण लावून ठेवल्यासारखं राहतं.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये वेस्ट फाल्मथ नावाचं ठिकाण आहे, तिथे सप्टेंबर १९६९ मध्ये फ्लोरिडा नावाचा बार्ज, म्हणजे सपाट तळाचं मालवाहू जहाज, खडकावर चढला आणि इंधन तेल दलदलीत शिरलं. फार मोठा अपघात नव्हे तो. पण शेजारीच वुड्स होलची समुद्र संशोधन संस्था असल्यामुळे शास्त्रज्ञ त्या एका चिखलाकडे पुन्हा पुन्हा जात राहिले, आणि ३० वर्षांनीही त्यांना चिखलाच्या आतल्या थरात ते तेल सापडलं. जवळजवळ ४० वर्षांनी त्यांनी तिथले खेकडे बघितले, ते एक नांगी मोठी असलेले छोटे खेकडे, आपल्याकडेही असतात, तर ते बिळं कमी खोल खणत होते कारण खाली गेलं की तेल लागत होतं, आणि कोणी अंगावर आलं तर पळायलाही उशीर करत होते. वरून बघणाऱ्याला हिरवीगार दलदल दिसत होती. मेसेज लिहिणाऱ्याने तिथे उभं राहून फोटो काढला असता तर मागमूस नाही असंच लिहिलं असतं.

अलास्कात आता सगळं ठीक आहे

२४ मार्च १९८९, मध्यरात्र उलटून गेलेली, एक्सॉन कंपनीचा एक्सॉन व्हाल्डीझ हा तेलाचा टँकर अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंड या आखातात ब्लाय रीफ नावाच्या खडकावर आदळला. सुमारे ४ कोटी लिटर कच्चं तेल बाहेर आलं आणि साधारण २,००० किलोमीटर किनाऱ्याला लागलं. अडीच लाखांच्या आसपास समुद्रपक्षी, २,८०० समुद्री ऑटर म्हणजे पाणमांजरं, ३०० सील मेले असा अंदाज आहे, आणि हे मोठे, दिसणारे जीव झाले, त्या मार्चनंतर लगेच एप्रिलमध्ये हेरिंग मासे किनाऱ्याजवळ अंडी घालायला येणार होते, ती अंडी आणि सॅमनची अंडी कोण मोजणार.

हो, टुरिस्ट फिरतात. दृश्य सुंदरच आहे. पण २००१ मध्ये सरकारी शास्त्रज्ञांनी ९१ किनाऱ्यांवर मिळून सुमारे ९,००० खड्डे खणले, फावड्याने, एकेक करून, आणि निम्म्याहून जास्त किनाऱ्यांवर खाली तेल निघालं. काही ठिकाणी तर गोट्यांखाली अजून ओलं, वास येणारं. बारा वर्षांनंतर. ते कमी होण्याचा वेग त्यांनी काढला तो वर्षाला शून्य ते चार टक्के, कारण तेच, खाली हवा नाही.

बरं, खाली आहे तर राहू दे, कोणाला त्रास आहे, असं कोणी म्हणेल. ऑटरला आहे. ऑटर शिंपल्यांसाठी वाळू उकरतो, म्हणजे जिथे तेल पुरलंय नेमकं तिथेच पंजे घालतो, आणि तेल लागलेल्या अंगाला ओलावा आत शिरून थंडी भरते. जास्त तेल लागलेल्या भागातले ऑटर पूर्वीच्या संख्येला येऊन ‘सावरले’ असं जाहीर व्हायला साधारण २५ वर्षं लागली. ओर्का व्हेलची एटी-१ नावाची एक टोळी होती, अपघाताआधी २२ जणांची, त्यानंतर त्या टोळीत एकही पिल्लू वाढून मोठं झालेलं नाही, उरलेत फक्त सात. ही टोळी संपणार हे तिथले शास्त्रज्ञ आता उघड सांगतात. आणि हेरिंगची संख्या १९९३ ला कोसळली ती कोसळलीच, त्यात तेलाचा वाटा किती आणि रोगाचा किती यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद आहे हे मी लपवणार नाही, पण कॉर्डोव्हा गावातल्या ज्या लोकांचं वर्षाचं गणित त्या माशावर होतं त्यांच्यासाठी तो मासा गेला तो गेला.

अंड्यांचं एक सांगते कारण ते आपल्याकडेही लागू आहे. माशाच्या अंड्यातलं पिल्लू जेमतेम डोळ्याला दिसेल एवढं असतं तेव्हाच त्याचं हृदय तयार होत असतं, आणि कच्च्या तेलातले काही घटक पाण्यात अगदी सूक्ष्म प्रमाणात, अब्जात काही भाग, एवढे असले तरी ते हृदय वाकडं तयार होतं. मासा लगेच मरत नाही, पोहतो, पण दमतो, आणि दमलेला मासा पुढे कोणाच्या तरी तोंडी जातो. पाण्यावर तवंग दिसायची गरजच नाही. म्हणून ‘पाणी स्वच्छ दिसतंय’ या वाक्याला काही अर्थ नाही.

फार तर धुऊन काढा

हा मुद्दा वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण हा प्रयोग करून झालाय आणि त्याचा हिशोबही झालाय. अलास्कात सुमारे १०,००० माणसं कामाला लावली होती, आणि बऱ्याच किनाऱ्यांवर कढत पाणी जोरदार पाइपाने मारलं. खडक चकचकीत झाले. पण त्या पाण्याने तेलाबरोबर शिंपले, कालवं, शेवाळ सगळं शिजलं, बारीक वाळू वाहून गेली, आणि काही तेल आणखी खाली दाबलं गेलं. काही पट्टे मुद्दाम न धुता ठेवले होते तुलनेसाठी, आणि नंतर बघितलं तर न धुतलेल्या पट्ट्यांवरचं जीवन धुतलेल्यांच्या बरोबरीने किंवा आधी परत आलं होतं.

त्याच्याही आधी, १९६७ ला इंग्लंडच्या कॉर्नवॉलला टॉरी कॅन्यन टँकर फुटला तेव्हा तेल विरघळवायला १०,००० टनांहून जास्त डिटर्जंट ओतलं होतं, तेव्हाचं डिटर्जंट तेलापेक्षा विषारी निघालं, खडकांवरचे शंखजीव मेले, शेवाळ खाणारं कोणी उरलं नाही म्हणून खडकांवर हिरवं रान माजलं आणि घडी परत बसायला दहा-पंधरा वर्षं गेली. जिथे डिटर्जंट मारलं नव्हतं तिथे दोन-तीन वर्षांत बसली होती.

याचा अर्थ काही करू नका असा नाही. तवंग किनाऱ्याला लागण्याआधी बूम म्हणजे तरंगता अडसर लावून अडवणं, वाळूवरचे जाड थर हाताने उचलणं, हे लागतंच, आणि जितकं लवकर तितकं बरं. पण ती सफाई झाली, घर जळाल्यावर राख काढण्यासारखी. किनारा पुन्हा उभा करणं हे त्यानंतरचं वेगळं काम आहे, वेगळ्या माणसांचं, आणि वर्षांच्या हिशोबाचं, आणि मेसेज या दोन्हीची सरमिसळ करतो इथेच खरी गडबड आहे.

चार रोपं लावा

तिवर या खारफुटीच्या जातीचं झाड चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर काढतं, हजारो, झाडाच्या चारी बाजूंना. ती श्वास घेणारी मुळं. खाली चिखलात हवा नाही म्हणून झाड वरून हवा घेतं, त्या मुळांवर बारीक छिद्रं असतात त्यातून. भरतीबरोबर तेल येतं, ओहोटीला पाणी जातं आणि तेल त्या मुळांवर बसून राहतं, आणि छिद्रं बुजतात. झाड त्या दिवशी मरत नाही. आधी पानं पिवळी पडतात, मग गळतात, काही झाडं काही महिन्यांनी जातात, तोवर टीव्हीवाले निघून गेलेले असतात.

मग रोपं लावा म्हणायचं तर कुठे लावणार, त्याच तेलकट चिखलात? पनामामध्ये १९८६ ला रिफायनरीची टाकी फुटून खारफुटीत तेल गेलं होतं, तिथे शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं चिखल तपासला आणि निष्कर्ष काढला की खोल चिखलातल्या तेलाचा विषारीपणा जायला निदान २० वर्षं धरून चला. मेलेल्या झाडांची मुळं कुजत जातात तसं त्यात अडकलेलं तेल पुन्हा बाहेर येतं आणि नव्या रोपाला लागतं.

सौदीच्या किनाऱ्यावर १९९१ च्या आखाती युद्धात तेल आलं तेव्हा तर खेकड्यांची बिळंच नळ्यांसारखी वापरून तेल खाली उतरलं होतं, खेकडे मेले, बिळं बुजली, वरचा थर डांबरासारखा कडक झाला, भरतीचं पाणी आत खेळेना. तिथे पुढे युद्धभरपाईच्या पैशातून काम झालं तेव्हा त्यांनी काय केलं, तर भरतीच्या पाण्याचे छोटे छोटे ओहोळ पुन्हा खणून दिले. पाणी खेळायला लागलं की खेकडे आले, खेकड्यांनी बिळं केली, बिळांतून हवा खाली गेली. आधी पाण्याची वाट, मग खेकडा, झाड त्यानंतर. खारफुटीचं बी पाण्याबरोबर आपोआप येतं हो, त्याला रुजायला जागा लागते. रोपं हातात धरून काढलेला फोटो हा पुरावा नाही, तीन वर्षांनी त्यातली किती उभी आहेत ते सांगा.

पैसे वकील खातात

आता आकडे. डीपवॉटर होरायझनचा स्फोट २० एप्रिल २०१० चा, ११ कामगार गेले, विहीर ८७ दिवस वाहत होती, सुमारे ५० कोटी लिटर तेल. एप्रिल २०१६ मध्ये कोर्टाने बीपी या तेल कंपनीबरोबरच्या २०.८ अब्ज डॉलरच्या तडजोडीला मंजुरी दिली आणि त्यातले ८.८ अब्ज डॉलरपर्यंतचे पैसे फक्त निसर्गाचं नुकसान भरून काढायला बांधलेले आहेत, दुसऱ्या कशाला वापरता येत नाहीत. हप्ते २०३१ पर्यंत चालणार. खर्च कशावर करायचा हे पाच राज्यं आणि चार केंद्रीय खाती मिळून ठरवतात, आराखडा आधी लोकांपुढे ठेवावा लागतो.

हे शक्य झालं ते अलास्कामुळे. एक्सॉन व्हाल्डीझनंतर १९९० ला अमेरिकेने ऑइल पोल्युशन ॲक्ट आणला, त्यात निसर्गाचे विश्वस्त म्हणून सरकारला कंपनीकडून तीन गोष्टी मागता येतात, नुकसान मोजायचा खर्च, जे बिघडलं ते पूर्ववत करायचा खर्च, आणि मधल्या वर्षांची भरपाई. हे तिसरं नीट समजून घ्या. समजा कोणी तुमच्या वाडीतला फळता माड पाडला आणि म्हणाला हे घ्या, त्याच्या बदल्यात एक रोप देतो. रोप मोठं होऊन नारळ धरायला सहा-सात वर्षं. मग त्या सहा-सात वर्षांच्या नारळांचं काय? गावात कोणीही हा हिशोब मांडेल, पंचांसमोर मांडेल. खाडीचाही तसाच हिशोब आहे. दहा वर्षं त्या खाडीत मासळी वाढली नाही, पक्षी वीण करू शकले नाहीत, ती दहा वर्षं परत येत नाहीत, म्हणून त्याच्या बदल्यात दुसरीकडे जास्तीची दलदल, जास्तीचं बेट उभं करून द्यायचं. दावे कोटींमध्ये का जातात ते यावरून कळतं.

लुइझियानात क्वीन बेस नावाचं बेट आहे, तपकिरी पेलिकन तिथे मोठ्या संख्येने घरटी करतात. २०१० मध्ये तेलाने माखलेले पेलिकन आपण सगळ्यांनी बघितले, ते या भागातले. बेट आधीच खचत चाललं होतं, घरट्यांजोगी जेमतेम पाच एकर जागा उरलेली. तेलाच्या पैशातून तिथे मिसिसिपी नदीची वाळू आणून ३७ एकर भरली, कडेने दगड लावले, झुडपं लावली, आणि हे सगळं २०२० चा विणीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी संपवलं म्हणजे पक्ष्यांचं एक वर्षही फुकट जाऊ नये. पक्षी आले. डोळ्यांनी दिसतं असं काम आहे ते.

सगळंच असं झालं का, नाही. त्याच भागात नदीचा गाळ दलदलीकडे वळवायचा जवळपास ३ अब्ज डॉलरचा प्रकल्प २०२३ ला सुरू झाला आणि २०२५ ला राज्य सरकारने रद्द केला, कोट्यवधी डॉलर खर्च झाल्यावर. गोडं पाणी आलं की कालवं आणि कोळंबी जाईल म्हणून तिथल्या मच्छीमारांचाच विरोध होता आणि त्यांचं म्हणणं मला तरी चुकीचं वाटत नाही. म्हणजे पैसा वाया जाऊ शकतो, जातो. पण त्यावर उपाय हिशोब मागणं हा आहे, दावाच लावू नका हा नाही.

आणि अलास्काचं अजून एक. एक्सॉनकडून १९९१ च्या तडजोडीत ९० कोटी डॉलर आले त्यातला फार मोठा भाग कशात गेला माहितीये? जमीन आणि जंगल राखण्यात, सुमारे साडेसहा लाख एकर. समुद्रात तेल सांडलं आणि जंगल का? कारण तेलाने मेलेल्या मरलेट नावाच्या पक्ष्याची घरटी किनाऱ्यावरच्या जुन्या झाडांवर असतात आणि सॅमनची अंडी त्या जंगलातल्या ओढ्यांत, आणि ती झाडं तोडायचे करार होत होते. समुद्रातून तेल काढून घेता येत नव्हतं पण निदान त्याच जिवांवर दुसरा घाव तरी पडू नये. मला हे शहाणपणाचं वाटतं, आजारी माणसाला औषध नसलं तरी निदान उपाशी ठेवू नये ना.

मुंबईत २०१० ला काय झालं

७ ऑगस्ट २०१०, चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं जेएनपीटीकडे जाणाऱ्या मार्गावर आदळली. कलंडलेलं चित्रा आणि त्यावरून घसरणारे कंटेनर टीव्हीवर सगळ्यांनी बघितले. सुमारे ८०० टन तेल गेलं. एक्सॉनच्या मानाने थोडं, पण ते ठाणे-पनवेल-करंजाच्या खाड्यांच्या तोंडाशी, ऐन उधाणात, नारळी पौर्णिमा दोन-अडीच आठवड्यांवर असताना.

मी तेव्हा कॉलेजला होते. आत्याच्या घरामागून खाडीकडे बांध जातो, तिथे गेलो तर तिवरांवर कमरेएवढ्या उंचीवर एक काळी रेघ, सगळ्या झाडांवर एकाच उंचीवर, कोणी पट्टी धरून आखल्यासारखी. भरती कुठवर चढली होती ते तेलाने लिहून ठेवलेलं. त्या पेन्सिलीसारख्या मुळांवर डांबराचा लेप. वास एवढा की डोकं दुखायला लागलं. आत्या काही बोलली नाही, पाटी आणि कोयती बांधावरच ठेवली आणि नुसती बघत उभी राहिली. नंतर मासळी खाऊ नका असं सगळीकडे सांगितलं गेलं आणि बाजारात कोळणींच्या पाट्या भरलेल्याच्या भरलेल्या परत गेल्या. दिवाळीनंतर पुन्हा गेलो तेव्हा रेघ फिकी झाली होती, पाणी नेहमीसारखं गढूळ, म्हणजे चांगलं. पण चिखलात पाय रुतून बाहेर काढला की खड्ड्यात पाणी भरायचं आणि त्यावर इंद्रधनुष्यी चकाकी यायची. प्रत्येक पावलात. मी ते आयुष्यात विसरणार नाही.

आता बोंबलाचं. बोंबील खाडीच्या चिखलात राहत नाही हो, तो बाहेरच्या पाण्यातला मासा, डोलीच्या जाळ्यात येतो. चिखलात काय झालं हे बोंबलाला विचारणं म्हणजे चुकीच्या साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं करणं. विचारायचं असेल तर निवटी या छोट्या माशाला विचारा, जो त्या चिखलातच बीळ करून राहतो. कालवांना विचारा, जी एका दगडाला जन्मभर चिकटलेली असतात आणि येईल ते पाणी गाळत बसतात. शिंपल्यांना, चिंबोऱ्यांना विचारा. आणि ते काढणाऱ्या बायकांना विचारा, कारण हे सगळं बायकांचं काम, होडीशिवायचं, परवान्याशिवायचं, त्यामुळे भरपाईच्या कुठल्या यादीत या बायकांची नावं सहजी येत नाहीत. माझी आत्या त्या बांधाकडे शिंपल्यांना जायची थांबली ती थांबलीच. तिच्या भागात तेलामुळे किती गेलं, भरावामुळे किती, कारखान्यांच्या पाण्यामुळे किती, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. आणि हेच तर दुखणं आहे. तेल येण्याआधी त्या चिखलात चौरस मीटरला किती शिंपल्या होत्या याची नोंद हातात असती तर सांगता आलं असतं. ‘काही झालं नाही’ आणि ‘काय झालं ते कोणी मोजलं नाही’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चित्रानंतर वर्षभरातच, ४ ऑगस्ट २०११ ला, मुंबईसमोर रॅक कॅरिअर हे कोळशाचं जहाज ६०,००० टन कोळशासकट बुडालं, त्यातूनही तेल आलं. राष्ट्रीय हरित लवादाने १०० कोटींच्या भरपाईचा आदेश दिला तो ऑगस्ट २०१६ मध्ये, पाच वर्षांनी. आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर दर पावसाळ्यात डांबराचे गोळे येतात ते तर सवयीचेच झालेत, पायाला लागले की रॉकेलने पुसायचे. त्यात किनारा पुन्हा उभा करण्याचा विषयच निघत नाही.

टँकरमधल्या तेलाच्या नुकसानीसाठी आंतरराष्ट्रीय भरपाई निधी आहे, भारत त्याचा सदस्य आहे, आणि तो निसर्ग पूर्ववत करायला पैसे देतोही, पण नियम असा की प्रत्यक्ष केलेल्या किंवा करायच्या वाजवी कामाचा खर्च मिळेल, नुसत्या सूत्रावर काढलेला नुकसानीचा आकडा चालणार नाही. म्हणजे काम ठरवलेलं हवं, जागा ठरलेली हवी, आधी काय होतं ते दाखवता यायला हवं. ज्याच्याकडे नोंद नाही त्याच्या हातात रागाशिवाय काही राहत नाही.

अलास्कात नाइट आयलंडच्या एका खाडीत एक मोठा धोंडा आहे. अमेरिकन सरकारी शास्त्रज्ञ ॲलन मर्न्स यांनी अपघातानंतर दरवर्षी त्याच धोंड्याचा त्याच जागेवरून फोटो घ्यायला सुरुवात केली, आणि पुढे साधे लोक, बोटीने जाणारे येणारे, त्यांना फोटो काढून पाठवायला लागले. एका वर्षी धोंडा शेवाळाने गच्च, तीन वर्षांनी उघडा, मग शिंपले, मग पुन्हा शेवाळ. त्या फोटोंवरूनच कळलं की नेहमीचा चढउतार किती असतो, म्हणजे तेलामुळे झालेला कुठला आणि एरवीचा कुठला. महागडं यंत्र नाही, बोट नाही, एक धोंडा आणि एक कॅमेरा.

त्या काकांना मी ग्रुपवर हेच सगळं थोडक्यात लिहिलं. आणि गेल्या भाऊबीजेला घरी गेले तेव्हा ओहोटीला बांधावर जाऊन एक तिवर निवडला, बांधाच्या वळणावरचा, खाली शेजारी पूर्वीच्या खुंटीचा दगड आहे म्हणजे जागा चुकणार नाही. दगडावर मोबाईल टेकवून फोटो काढला, मग चौकटीत येतील तेवढी मुळं आणि निवटीची बिळं आत्याने मोजली, तिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. एकोणतीस बिळं. तारीख आणि ओहोटीची वेळ आत्याच्या कॅलेंडरवर त्या चौकोनातच लिहून ठेवलीय.